स्वतःच्या नावाची तबकडी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असे बैठकीत सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेखणीपेक्षा लाटण्याची सवय जास्त. पण ज्या बाईंची गोष्ट माझ्या मनात होती, त्यांनाही शाळा अर्ध्यावर सोडावी लागली होती आणि पुढे त्यांनी विद्यापीठात मुलांना शिकवले. तेव्हा म्हटले, त्यांच्या आधाराने चार ओळी लिहून पाहू.

आपल्यापैकी पुष्कळ जणींनी माहेरी किंवा आजोळी ग्रामोफोनची तबकडी पाहिली असेल. तिच्या मधोमध एक गोल कागद चिकटवलेला असे. त्यावर गाण्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत कंपनीचे नाव. गाणारा गाऊन जाई, वाजवणारा वाजवून जाई. पण ती मूळ तबकडी ज्याच्या कपाटात राहील, त्याच्या मालकीची. किती छापायच्या, कधी बंद करायच्या, कुणाला किती पैसे द्यायचे, हे सगळे तोच ठरवणार. म्हणून त्या गोल कागदावर कुणाचे नाव आहे याला फार महत्त्व असते. अमेरिकेतल्या एका बाईंनी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्या कागदावर स्वतःचे नाव छापले. त्यांचे नाव मेरी लू विल्यम्स. त्या पियानो वाजवीत आणि जाझ संगीत रचीत.

जाझ म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. गुलाम म्हणून आफ्रिकेतून अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या वंशजांनी हे संगीत घडवले. आपला गवई बंदिशीचे तोंड धरून पुढे आपल्या मनाने आलापी करतो, तसा जाझ वाजवणारा एक चाल धरतो आणि तिच्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवीत जातो. मुंबईच्या हॉटेलांतून हे संगीत पूर्वीपासून वाजत असे आणि त्यात गोव्याचे वादक पुष्कळ होते. त्यांतलेच चिक चॉकलेट यांचा ट्रंपेट सी. रामचंद्र यांनी १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटात घेतला. म्हणजे जाझ आपल्या कानांना अगदीच परके नाही.

मेरीचा जन्म ८ मे १९१० रोजी अॅटलांटा गावी झाला. घरची गरिबी होती. आई व्हर्जिनिया हिला पायाने भाता चालवायचा ऑर्गन येत असे. आपल्याकडे गंधर्व नाटक मंडळीत जो ऑर्गन असे, त्याच जातीचे ते वाद्य. आई वाजवायला बसली की मेरी तिच्या मांडीवर असायची. तीन-चार वर्षांची असताना एके दिवशी आईने हात उचलले आणि मांडीवरच्या पोरीने आईने वाजवलेलेच स्वर आपल्या इवल्या बोटांनी वाजवून दाखवले. आई इतकी दचकली की तिने शेजाऱ्यांना बोलावून आणले, असे सांगतात.

या आईने मुलीला मुद्दाम शिक्षक ठेवला नाही. कागदावरचे वाचून वाजवायची सवय लागली की मनातले वाजवता येत नाही, हा तिचा स्वतःचा अनुभव होता. त्याऐवजी ती गावातल्या वादकांना घरी बोलवी आणि मुलीला ऐकायला बसवी. आपल्या घराण्यांत शिष्य गुरूच्या मागे बसून ऐकून शिकतो, तसेच हे झाले.

पुढे कुटुंब पिट्सबर्ग या कारखान्यांच्या शहरी आले. शेजारच्या गोऱ्या लोकांना कृष्णवर्णी माणसे तेथे नको होती. ते यांच्या घरावर विटा फेकीत. मेरी शेजाऱ्यांकडे जाऊन पियानो वाजवू लागली, तेव्हा कुठे त्या विटा थांबल्या. लोक तिला 'छोटी पियानोवाली' म्हणून ओळखू लागले आणि सहा-सात वर्षांची पोर घरी पैसे आणू लागली. सावत्र वडिलांनीही तिला दुजाभाव न करता स्वयंचलित पियानो आणून दिला.

त्या वयात तिने एक दृश्य पाहिले आणि जन्मभर लक्षात ठेवले. शहरातल्या एका नाटकगृहात लव्ही ऑस्टिन नावाच्या बाई वाद्यवृंद चालवायला आल्या होत्या. पायावर पाय टाकून, तोंडात सिगारेट धरून त्या डाव्या हाताने पियानो वाजवीत होत्या आणि उजव्या हाताने पुढच्या गाण्याचे स्वर कागदावर लिहीत होत्या. सिगारेटचे सोडून द्या, पण कडेवर मूल आणि चुलीवर भाजी ज्यांनी सांभाळली आहे, त्यांना ही कसरत लगेच समजेल. आपणही एक दिवस असे करायचे, असे त्या मुलीने ठरवले आणि पुढे खरोखर करून दाखवले.

शाळा सुटली आणि मेरी फिरत्या खेळांबरोबर गावोगाव जाऊ लागली. सोळा-सतरा वर्षांची असताना जॉन विल्यम्स या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याशी तिचे लग्न झाले. जॉनला एका वाद्यवृंदात जागा मिळाली. अँडी कर्क हे त्याचे प्रमुख झाले आणि वृंदाचे नाव होते 'आनंदाचे बारा ढग'. त्या बारा ढगांत मेरीबाईंना मात्र आरंभी जागा नव्हती. वृंदाला पियानो वाजवणारा होता आणि ही वादकाची बायको. त्या गाडी चालवून वादकांना नेत-आणीत आणि कार्यक्रम चालू असताना बाहेर गाडीत बसून राहत. आतले श्रोते कंटाळू लागले की बाईंना आत बोलवीत. त्या दोन-चार चिजा वाजवीत, लोक उठून नाचू लागत आणि बाई पुन्हा गाडीत.

कर्क यांच्या लवकरच ध्यानात आले की या बाईंच्या डोक्यात वाद्यवृंदासाठी नव्या नव्या कल्पना आहेत. पण बाईंना स्वरलेखन येत नव्हते. आधी त्या सांगत आणि कर्क लिहून घेत. मग त्या स्वतः लिहायला शिकल्या. कोणत्या वाद्याने कधी सुरू करायचे, कुणी थांबायचे, कुणी मागे हळू स्वर धरायचा, हे सगळे लिहून काढणे म्हणजे वाद्यवृंदाची रचना. शंभर पानांच्या पंगतीत कोणता पदार्थ कधी वाढायचा हे ठरवणारी बाई जशी पंगत सावरते, तसे हे काम. १९२९ पासून हा वृंद कॅन्सस सिटीत नावारूपाला आला, त्यात या रचनांचा वाटा मोठा होता.

आता तबकडीची गोष्ट. १९३० साली शिकागोत ब्रन्सविक कंपनीसाठी मेरीबाईंनी एकटीने पियानोच्या दोन चिजा वाजवल्या. कंपनीच्या जॅक कॅप यांनी तबकडीवर घालायला नुसते मेरी हे नाव पुरे नाही म्हणून त्याला 'लू' जोडले. तेच नाव पुढे जन्मभर राहिले. म्हणजे पहिल्या तबकडीवर त्यांचे नावदेखील दुसऱ्याने ठेवलेले होते. तबकडी चांगली खपली. बाईंचे नाव देशभर झाले. पण त्या खपावर त्यांना हक्काचे स्वामित्वधन मिळाले नाही.

पुढची दहा-बारा वर्षे त्या रात्री वाजवीत, दिवसा प्रवास करीत आणि गाडीच्या उजेडात रचना लिहीत. कर्क यांच्याशिवाय बेनी गुडमन, टॉमी डॉर्सी, अर्ल हाइन्स अशा मोठ्या मोठ्या वृंदप्रमुखांनी त्यांच्याकडून रचना घेतल्या. १९३७ साली गुडमन यांच्या वृंदाने वाजवलेली 'रोल एम' ही त्यांचीच. लोक नाचत त्या गुडमनच्या नावावर. त्या काळी रचना लिहून देणाऱ्याला सहसा एकरकमी पैसे मिळत आणि पुढे ती लाख लोकांनी ऐकली तरी त्याचा त्यात संबंध राहत नसे. १९४२ साली बाईंनी कर्क यांचा वृंद सोडला. त्याच वर्षी पहिला संसारही मोडला. नंतर हॅरोल्ड बेकर या ट्रंपेटवादकाशी त्यांनी लग्न केले, तेही टिकले नाही. मूलबाळ नव्हते.

त्या न्यूयॉर्कला आल्या. तेथे कॅफे सोसायटी नावाचे एक ठिकाण होते. गोरे आणि काळे एका टेबलाशी बसू शकतील अशा जागा तेव्हा फार थोड्या होत्या, त्यांतली ही एक. मेरीबाई तेथे वाजवू लागल्या. हार्लेम भागात हॅमिल्टन टेरेसवर त्यांचे बिऱ्हाड होते. थिलोनियस मंक, बड पॉवेल, डिझी गिलेस्पी ही तेव्हाची तरुण मुले रात्री कार्यक्रम आटोपले की त्यांच्याकडे जमत. पियानो उघडा असे, चुलीवर काहीतरी शिजत असे. नव्या पिढीच्या जाझचे कितीतरी प्रयोग त्या खोलीत झाले. आज या मुलांची नावे जाझच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत आहेत.

१९४५ साली मेरीबाईंनी बारा राशींवर बारा रचना केल्या. मेष, वृषभ, मिथुन अशा एकेका राशीवर एकेक, आणि त्या त्या राशीच्या ओळखीच्या कलावंतांना ती अर्पण. आपल्या पंचांगातल्याच त्या राशी. त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी हे संगीत सादर केले. पुढच्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदाने त्यातल्या तीन राशी वाजवल्या. या रचनांच्या तबकड्या मोझेस अॅश या गृहस्थांनी काढल्या. त्यांची कंपनी लहान होती, पण काय वाजवायचे ते ते वादकावर सोपवीत. पुढे ती कंपनी बुडाली आणि १९४८ साली त्यांनी 'फोकवेज' नावाची दुसरी काढली. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

इतके होऊनही हातात पैसा राहत नव्हता. १९५२ च्या अखेरीस बाई थोड्या दिवसांसाठी म्हणून इंग्लंडला गेल्या आणि दोन वर्षे युरोपातच राहिल्या. मन आतून विटले होते. १९५४ साली पॅरिसमध्ये चालू कार्यक्रमातून त्या उठल्या आणि निघून गेल्या. पियानोच बंद केला.

हार्लेमला परत आल्यावर त्यांचे दिवस लूर्दमातेच्या चर्चमध्ये जात. तासन् तास प्रार्थना करीत. १९५५ च्या मार्चमध्ये चार्ली पार्कर हा अलौकिक वादक चौतिसाव्या वर्षी गेला. अफूपासून केलेल्या मादक द्रव्याने त्याचे शरीर पोखरले होते. त्याच व्यसनात कितीतरी वादक बुडत होते. मेरीबाई अशांना घरी आणीत, अंथरूण घालून देत, खाऊ घालीत, रात्रभर उशाशी बसत. १९५७ साली डिझी गिलेस्पीची बायको लॉरेन आणि मेरीबाई या दोघी मैत्रिणींनी बरोबरच कॅथलिक धर्माची दीक्षा घेतली. सर्व सोडून केवळ प्रार्थना करावी असे बाईंच्या मनात होते. पण हातातली कला हीच तुमची सेवा आहे, ती टाकू नका, असे धर्मगुरूंनीच त्यांना समजावले. त्या वर्षी जुलैत न्यूपोर्टच्या संगीत महोत्सवात डिझीच्या वृंदाबरोबर त्या पुन्हा पियानोवर बसल्या.

१९५८ साली त्यांनी व्यसनी वादकांना मदत करण्यासाठी 'बेल कँटो' नावाची संस्था काढली. तिला पैसा हवा म्हणून जुन्या कपड्यांचे दुकान घातले. ओळखीचे कलावंत आपले कोट, झगे, बूट आणून देत आणि बाई ते विकत. देशभर नाव असलेली कलावती जुने बूट पुसून फळीवर मांडीत होती. दुकानाने पैसा असा फार दिला नाही आणि पुढे ते बंद करावे लागले. पण माणसे तगावीत म्हणून त्यांनी केलेली ही धडपड मला त्यांच्या मोठ्या मोठ्या मैफिलींपेक्षा कमी वाटत नाही.

मग १९६२ साल आले. त्या वर्षी मे महिन्यात पोपनी मार्टिन द पोरेस यांना संत म्हणून घोषित केले. हे मार्टिन सोळाव्या-सतराव्या शतकांत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, लिमा शहरी होऊन गेले. वडील स्पॅनिश उमराव, आई गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णी स्त्री. मठात ते झाडलोट करीत आणि आजाऱ्यांची सेवा करीत. त्यांच्या चित्रात हातात केरसुणी असते. आपल्या गाडगेबाबांच्या हातात खराटा होता, तसेच हे. मेरीबाईंना हे संत फार जवळचे वाटले. त्यांनी त्यांच्यावर भजन रचले आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये ते गायले गेले.

आता याची तबकडी कोण काढणार? जाझच्या कंपन्यांना नाचाचे संगीत हवे होते. चर्चच्या लोकांना जाझ म्हणजे दारूच्या गुत्त्यातले संगीत वाटे. मेरीबाईंनी कुणाचे दार धरले नाही. त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि तिचे नाव ठेवले 'मेरी रेकॉर्ड्स'. आपल्या रचनांचे हक्क सांभाळण्यासाठी संगीताची आश्रयदाती संत सेसिलिया हिच्या नावाने प्रकाशन संस्थाही त्यांनी काढली होती. जाझच्या जगात स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढणाऱ्या अगदी पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते.

रेकॉर्ड कंपनी काढायची म्हणजे काय काय लागते पाहा. वादक आणि गाणारे जमवून त्यांना मानधन द्यायचे. मुद्रणाची खोली भाड्याने घ्यायची. मूळ फीत तयार झाली की कारखान्यातून तबकड्या दाबून घ्यायच्या, वेष्टन छापायचे, आणि एवढे करून त्या दुकानादुकानांत पोचवायच्या. शेवटचे काम एकट्या बाईला झेपणारे नव्हते. तेथे मोझेस अॅश मदतीला आले. त्यांच्या फोकवेज कंपनीमार्फत मेरी रेकॉर्ड्सचा माल बाजारात गेला. डेव्हिड स्टोन मार्टिन या नामांकित चित्रकाराने वेष्टनावरचे चित्र काढून दिले. १९६४ साली तबकडी निघाली. केरसुणीवाल्या संताचे भजन तिच्यात पहिले. माल दुसऱ्याच्या गाडीतून गेला, पण मालक कोण हे मधल्या गोल कागदावर स्पष्ट होते. चौतीस वर्षांपूर्वी ज्या बाईंचे नावसुद्धा कंपनीने ठरवले होते, त्यांचे नाव आता कंपनीलाच दिलेले होते.

धंदा म्हणून पाहिले तर ही कंपनी लहानच राहिली. मोजक्याच तबकड्या तिने काढल्या. पण त्या दुसऱ्या कुणी काढल्या असत्या असे वाटत नाही. शांततेसाठी रचलेले प्रार्थनासंगीत १९७० मध्ये निघाले. ते पुढे 'मेरी लूचा मास' म्हणून प्रसिद्ध झाले. मास म्हणजे कॅथलिक लोकांची मुख्य उपासना. आल्विन एली या थोर नृत्यकाराने १९७१ साली त्यावर नृत्य बसवले, आणि १९७५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स या महाचर्चमध्ये उपासनेच्या वेळी ते वाजले. ज्या संगीताला गुत्त्यातले म्हणत, ते वेदीपुढे गेले. १९७४ साली चौसष्टाव्या वर्षी त्यांनी 'झोनिंग' नावाची तबकडी काढली. तिच्यातले वादन तरुणांनाही नवे वाटावे असे होते. कुणाला खूश करायचे बंधन नव्हते. मालकीण त्याच होत्या.

१९७७ पासून उत्तर कॅरोलिनातील ड्यूक विद्यापीठात त्यांनी जाझ शिकवले. याच विद्यापीठात १९६३ पर्यंत पदवीच्या वर्गात कृष्णवर्णी मुलांना प्रवेश नव्हता. तेथे ही अर्ध्या शाळेची बाई पियानोपाशी बसून गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकवी. १९८० साली, आजारी असताना, त्यांनी आपल्या नावाने एक निधी स्थापन केला. लहान मुलांना जाझ शिकायला मिळावे हा त्याचा हेतू. २८ मे १९८१ रोजी कर्करोगाने त्यांचा अंत झाला. वय एकाहत्तर. ज्या पिट्सबर्गमध्ये घरावर विटा पडत होत्या, तेथेच त्यांचे दफन झाले. १९८३ मध्ये ड्यूक विद्यापीठाने कृष्णवर्णी संस्कृतीच्या केंद्राला त्यांचे नाव दिले.

आणि त्या तबकड्यांचे काय झाले? अॅश वारल्यानंतर १९८७ साली फोकवेजचा सारा संग्रह अमेरिकेच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेकडे गेला. संग्रहातली कोणतीही चीज बंद पडू द्यायची नाही, अशी तेथे अट आहे. त्याच संस्थेने १९९५ मध्ये 'झोनिंग' आणि २००४ मध्ये संत मार्टिनच्या भजनाची तबकडी नव्याने काढली. त्यामुळे केरसुणीवाल्या संताचे ते भजन आजही कुणालाही ऐकता येते.

भगिनींनो, मी ही गोष्ट का निवडली ते सांगून पुरे करते. मागे तीन दिवाळ्या आपण भाजणी आणि मेतकूट करून एका दुकानाला देत होतो. निवडणे, भाजणे, दळणे आपले. पिशवीवर नाव दुकानाचे. एकदा एक पाहुणी माझ्याच घरी बसून मला त्या दुकानाच्या भाजणीची तारीफ सांगू लागली. मी हसले आणि चहा टाकायला आत गेले. पण त्या दिवशी मनाला लागले. पैशाचे एवढे नाही, पण हात कुणाचे हे कुठेच लिहिलेले नव्हते.

यंदा आपल्या बैठकीत मंडळाच्या नावाच्या पिशव्या छापायच्या की नाही यावर वाद झाला. खर्च अंगावर येईल, माल पडून राहील, ही भीती खोटी नाही. मेरीबाईंचाही माल काही हातोहात खपला नव्हता. दुकानाशी भांडावे असेही मी म्हणत नाही. मेरीबाईंनी अॅश यांची मदत घेतलीच होती. माल दुकानातून जाऊ दे, पण पिशवीवर नाव आपले असू दे. माझे मत छापाव्यात असे आहे. पहिल्या शंभर पिशव्यांचे पैसे मी माझ्या भिशीतून देईन. बाकीच्या भगिनींनी विचार करावा.